कोपऱ्यातल्या ट्रायनंतर

चाचणी

एक, दोन. एक, दोन. येतोय का आवाज?

येतोय. सोफावाल्याच्या कारखान्यात आवाज नेहमीच चांगला येतो. चारी भिंतींना फोमच्या लाद्या उभ्या केलेल्या, माळ्यावर काथ्या आणि कापसाची पोती, मध्ये अर्धे शिवलेले, अर्धे उघडे सोफे. इथे बोललेलं भिंतीवर आपटून परत येत नाही, तोंडातून निघालं की तिथेच बसतं. मी श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करते, त्यामुळे अशी जागा मला लगेच कळते. आत्याच्या घरी फ्रिज घुरघुरतो. बाबांच्या दुकानात नुसत्या काचा, तिथे एक माणूस शिंकला तरी चार शिंकल्यासारखे वाटतात. म्हणून रेकॉर्डिंग इथे करायचं मीच सुचवलं.

तसंही रग्बी क्लबचे जुने लोक सगळे शनिवारी दुपारी इथेच जमतात. गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर बसतात आणि रग्बीवर भांडतात. सोफावाला म्हणतो, नवा सोफा बसून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, ही माझ्या धंद्याची शिस्त आहे. त्या शिस्तीपायी एकेक सोफा त्याच्याकडे महिनाभर अडकून पडतो.

थांबवते. पुन्हा घेते.

एक, दोन.

आवाज आतोबांचा घ्यायचा आहे. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. क्लबच्या मैदानावर लाकडी खोपटात बसून लाउडस्पीकरवरून ते रग्बीचं समालोचन करायचे. खेळाडू बदलले, कोच बदलले, गवतसुद्धा दोनदा बदललं, भोंगा तोच राहिला. सगळे त्यांना भोंगाच म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. येत्या मंगळवारी त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत. नंतर घशाला लावायचं एक यंत्र मिळेल. त्या यंत्राचा आवाज मी दुकानात ऐकते. वाईट नसतो. फक्त कुणाचाच नसतो.

आवाज आधीच साठवून ठेवा, असं हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. आम्ही उद्या करू, परवा करू म्हणत राहिलो. आता अशी गत आहे की आतोबा थोडं बोलले की आवाज फाटतो, मग नुसती हवा येते, आणि एकदा हवा आली की तो दिवस संपला. डॉक्टरांनी परवानगी दिली ती एकदाच, थोडा वेळ. नंतर ऑपरेशनपर्यंत तोंड बंद.

म्हणजे एकच गोष्ट. ती कोणती, यावर भांडण सुरू होतं. फोन टेबलावर ठेवून मी वाट बघत होते.

सोफावाल्याचं म्हणणं

किकर.

सोफावाला तरुणपणी प्रॉप होता, म्हणजे स्क्रममध्ये पुढच्या ओळीत मान घालून रेड्यासारखा ढकलणारा. त्याची उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या काखेत गेली. त्यामुळे लांब एकटं उभं राहून शांतपणे चेंडूला लाथ घालणाऱ्या माणसांबद्दल त्याला भाबडी भक्ती आहे. टीव्हीवर एक टकल्या किकर असायचा, किकच्या आधी दोन्ही मोजे सारखे करायचा. कितीही लोक ओरडोत, हा आपला मोजे सारखे करतोय. सोफावाल्याच्या मते त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. त्याने भर पावसात मधल्या रेषेजवळून मारलेली किक आतोबांनी आज सांगावी, असं त्याचं म्हणणं पडलं.

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई समोरच्या बिनपाठीच्या सोफ्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या की टीव्हीवरची मॅच भोंग्याने कशाला सांगायची. ती सांगायला टीव्हीतला माणूस होता की. तो तर असा ओरडायचा की ट्राय झालाय की आग लागलीय ते कळायचं नाही. भोंग्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायला हवं.

आतोबांनी दोन्ही हात सोफावाल्याच्या दिशेने पुढे ढकलले.

ही पंचाची खूण आहे. पास पुढे गेला, म्हणजे चूक. बोलायला बंदी आल्यापासून आतोबा घरात आणि बाहेर पंचाच्या खुणांनी बोलतात. हात एका बाजूला तिरका वर केला की निर्णय त्या बाजूचा. पास पुढे गेला म्हणजे काहीतरीच काय बोलतोस. भाजीवाल्यालासुद्धा त्यांनी एकदा पेनल्टी दिली होती. त्याला कळली नाही, भाजी मात्र त्याने बदलून दिली.

बाईंचं म्हणणं

कोच.

बाईंच्या दृष्टीने सगळं यश शिकवणाऱ्याचं असतं. गाडी पुढे जाते ते दिसतं, क्लच कुणी शिकवला ते कुणी विचारत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. क्लबचा जुना कोच दातांचा डॉक्टर होता. मध्यंतराला तो खेळाडूंना ओरडत नसे. खोलीत येऊन बसायचा, रुमालाने चष्मा पुसायचा आणि परत जायचा. पुसणं लांबलं की पोरं समजायची, आपण फारच घाण खेळतोय. त्याच्यासमोर खेळाडू तोंड उघडायचे ते दात दाखवायलाच, असं सोफावाला म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांना हवं होतं की आतोबांनी त्या कोचबद्दल बोलावं, कारण त्याच्याबद्दल कुणीच कधी चार शब्द बोललेलं नाही आणि आता तो ऐकायलाही नाही.

टेबलाखाली कापलेल्या रेक्झिनच्या पट्ट्यांचा ढीग होता, सोफावाला त्यात पाय घालून बसला होता.

मग त्याने विषय फिरवला. किकर गेला, कोच गेला, तर उरला ट्राय, आणि ट्राय म्हटल्यावर कोपऱ्यातलाच. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनीसुद्धा.

बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. काचा बसवतात. कुठेही बसले तरी अगदी कडेला, अर्धं अंग बाहेर ठेवून, जणू खाली काचच आहे. आज ते सकाळपासून काही बोलले नव्हते. त्यांच्या अंगठ्याला काचा पक्क्या करायची लांबी लागून वाळली होती, ती ते नखाने काढत होते.

आत्याचं म्हणणं

आत्या या जमावात कधी येत नाही. आज आली होती, दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, पर्स मांडीवर. ती म्हणाली, "माझं कुणी विचारणार आहे का?"

सोफावाल्याने घाईघाईने बाबांच्या सोफ्यावरचा उरलेला प्लास्टिकचा कागद काढला आणि तिला तिथे बसायला सांगितलं. ती उठली नाही.

"संध्याकाळी दार उघडून आत येताना हे म्हणायचे, आलो गं. तेवढं मला हवंय. बाकी तुमचे टकले आणि तुमचे डॉक्टर तुम्हाला लखलाभ. तुम्ही शनिवारी इथे जमणार, चार गोष्टी आठवून सांगणार. घरात आठवणारी मी एकटी आहे."

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. हात वर गेला नाही, पुढेही गेला नाही.

बाई खालच्या आवाजात म्हणाल्या की दोन्ही घेऊ की, त्यात काय. आधी ताईंचं, मग ट्राय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सांगावं लागलं. घसा कधी जाईल याचा भरवसा नाही. पहिलं येईल ते नक्की. दुसरं आलं तर आलं.

म्हणजे भांडण होतं तिथेच आलं, फक्त आता त्यात ओरडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. आधी काय?

आत्या म्हणाली, "तुमच्या त्या ट्रायमध्ये असं आहे तरी काय?"

बटणं

याचं उत्तर सोफावाला तोंडाने देत नाही. तो कापड बेतायच्या टेबलावर सोफ्याची बटणं मांडतो. तपकिरी बटणं आपली, हिरवी त्यांची. दोऱ्याची दोन रिळं म्हणजे पोस्ट. चेंडू म्हणजे चामड्याचा एक तुकडा, तो त्याच्या कातरीच्या डब्यात वेगळा ठेवलेला असतो. इथला नियम असा की ज्याला एखादा ट्राय मोठा वाटतो, त्याने तो बटणांनी खेळून दाखवायचा. नुसत्या गप्पा चालत नाहीत.

मी या टेबलावर वाढले. बाराखडीच्या आधी मला हा ट्राय येत होता.

शेवटचा सामना, शेवटची काही मिनिटं. आपण सहा गुणांनी मागे. ट्राय केला, म्हणजे त्यांच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला, की पाच गुण. त्यानंतर एक किक मिळते, दोन पोस्टच्या मधून आणि आडव्या दांडीवरून गेली तर आणखी दोन. पाच आणि दोन सात, की सामना आपला. सोफावाल्याने आत्याला हे सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ती त्या दिवशी मैदानावर होती, हे तो विसरला असावा.

बटणं सरकू लागली. स्क्रम झाला, चेंडू मागून निघाला, या हातातून त्या हातात, डावीकडे वाट बंद, मग अचानक उजवीकडे. इथे सोफावाल्याने स्वतःचं बटण पुढे आणलं. ते कडेला जरा फुटलेलं आहे, पण तो बदलत नाही. उभ्या आयुष्यात त्याने जे चार पास दिले, त्यातला हा एक लागला. दर वर्षी तो पास हातभर लांब होतो.

आतोबांचे दोन्ही हात पुढे ढकलले गेले. पास पुढे गेला.

"पंचाने दिला नाही, तू कोण देणारा?" सोफावाला म्हणाला. सगळे हसले, आत्यासुद्धा थोडी.

मग विंगर, कडेने पळणारा. औषधांच्या दुकानातला बारीक कंपाउंडर, त्याला धरायला गेलेल्या माणसाच्या हातात फक्त त्याची बाही आली. उजव्या कोपऱ्यात, अगदी रेषेला चिकटून, तो पडला, आणि पडता पडता चामड्याचा तुकडा टेबलाच्या कडेला गेला. सोफावाल्याने त्यावर अंगठा दाबला.

"टेकला."

सगळे म्हणाले, टेकला. मीही म्हणाले.

इथे खेळ संपतो. बटणं डब्यात जातात. कोणताही ट्राय असो, कोणत्याही सामन्यातला असो, चेंडू टेकला की आवरायचं, पुढची किक टेबलावर खेळायची नाही. असा नियम कुणी केला नव्हता. तो आपोआप पडला. किक जिथे चेंडू टेकला त्याच्या समोरच्या रेषेतून मारावी लागते. पोस्टच्या मध्ये टेकला तर लहान मूलही मारेल, पण हा कोपऱ्यात टेकला होता, मैदानाच्या अगदी कडेवर. ती किक बाबांनी मारली. चुकली. आपण एका गुणाने हरलो.

हे मला इथे कळलं नाही. शाळेत एका मुलीने सांगितलं. घरी येऊन आईला विचारलं तर तिने माझ्या तोंडावर बोट ठेवलं.

थांबवलं

रेकॉर्डिंग अजून सुरूच केलेलं नव्हतं. तरी हा भाग असाच म्हणायला हवा.

आत्याला पटवायला बाई सरसावल्या. म्हणाल्या, "ताई, ट्राय मोठा होताच, पण त्याच्याहून मोठा तुमचा माणूस. दुसरा कुणी असता तर चुकली, चुकली म्हणत बसला असता. यांनी भोंगाच बंद केला. त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. मोठा समालोचक कोण? ज्याला गप्प बसायचं कधी ते कळतं."

सोफावाल्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांचं पुढचं वाक्य घशातच राहिलं. त्यांच्या लक्षात आलं. चेंडू टेकल्यानंतरचं बोलून झालं होतं.

बाबांची अंगठ्यावरची लांबी काढून झाली होती. तो बारीक पांढरा गोळा ते बोटांत फिरवत होते. ते म्हणाले, "दाजी, एक विचारू?"

आतोबांनी मान हलवली.

"खट् आधी झालं होतं."

कुणाला काही कळलं नाही. मला वाटतं, आतोबांना कळलं.

बाबांनी मग जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी ते जोडून लिहिते. त्यांच्या प्रत्येक किकच्या आधी भोंग्यावरून एक वाक्य यायचं, काच बसवतोय, शांत राहा. लोक हसायचे आणि गप्प व्हायचे. बाबा मागे जाऊन उभे राहायचे ते त्या वाक्यासाठी. ते कानावर पडलं की पाय निघायचा. सरावालासुद्धा ते मनात म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी टाचेने खळी केली, चेंडू उभा केला, मागे गेले, थांबले. वाक्य आलं नाही. भोंग्यातून फक्त खट् असा आवाज आला, बटण बंद केल्याचा. आणि मग पंच घाई करायला लागला.

"मला वाटलं, यांना वरून दिसलंय. ही जात नाही, हे यांना आधीच दिसलंय. आणि मग मी मारली."

कारखान्यात बोललेलं तिथेच बसतं, ते तसंच बसलं.

बाबा पुढे म्हणाले, "हे सगळे म्हणतात, भोंगा किती मोठ्या मनाचा, चुकलेली किक सांगितली नाही. म्हणू देत. पण चुकायच्या आधी बंद झाला होता तो."

सोफावाल्याने विचारलं की मग इतकी वर्षं बोलला का नाहीस.

"तेव्हा हे भोंगा होते. मग ताईशी लग्न झालं, दाजी झाले. दाजींना काय विचारायचं?"

आतोबांचा हात वर आला. अर्ध्यात थांबला. यासाठी पंचाकडे खूण नसते. मग ते खाकरले, आणि मी "आतोबा, नको, थांबा, सुरू करते," म्हणेपर्यंत बोलायला लागले. आवाज चाळणीतून गाळल्यासारखा.

"मला ते वाक्य बोलताच आलं नाही रे. तोंड कोरडं पडलं. आवाज कापला असता, तुझ्या कानात तोच कापलेला आवाज गेला असता. म्हणून बंद केलं. तुझी किक जाणार नाही असं मला वाटलंच नव्हतं." मग बराच वेळ श्वास घेऊन, "मी घाबरलो होतो."

एवढं खर्च झालं. रेकॉर्ड झालं नाही.

आत्या स्टुलावरून उठली. तिने बाटलीतलं पाणी त्यांना दिलं, घोट घोट प्या म्हणाली, आणि परत न जाता बाबांच्या शेजारी येऊन बसली, त्याच सोफ्यावर, कागद काढलेल्या. बाबा तिच्याहून बरेच उंच आहेत, पण कडेला बसल्यामुळे ते ठेंगणे दिसत होते. तिने त्यांच्या बोटांतला लांबीचा गोळा काढून घेतला आणि रुमालात ठेवला.

मग मला म्हणाली, "सुरू कर." आणि आतोबांना, "आधी याची किक सांगा. माझं दारातलं राहू दे. ते मला पाठ आहे."

सुरू

(खाकरणं. पाण्याचा घोट. बाटली ठेवल्याचा आवाज.)

लोकहो, पाटी बघून घ्या. आपण एका गुणाने मागे आहोत. ट्राय झाला तो तुम्ही पाहिलात, त्याबद्दल इथे बसून पुष्कळ बोलून झालं आहे. आता किक.

उजवा कोपरा. कडेच्या रेषेवरून. याहून वाईट जागा मैदानात नाही. वारा डावीकडून येतोय. झेंडा ताठ उभा आहे.

किक मारणार आहे आपला काचवाला. घाई नाही. टाचेने खळी करतोय. चेंडू ठेवला. पडला. परत ठेवला. आता उभा राहिला. मागे जातोय. आणखी मागे. एक पाऊल बाजूला.

थांबलाय. पोस्टकडे बघत नाही. चेंडूकडेही बघत नाही. तो माझी वाट बघतोय.

(काही नाही. काही नाही.)

काच बसवतोय. शांत राहा.

(सोफ्याची स्प्रिंग. बाबांनी उजवी टाच फरशीत रोवली होती.)

निघाला. मारली. लागलीय, छान लागलीय, आवाज इथपर्यंत आला. चेंडू वर. मधून चाललाय, अजून मधून आहे. वाऱ्याने धरला. उजवीकडे. परत उजवीकडे. दांडीच्या वर आहे, पण उजवीकडे.

बाहेरून गेला. पोस्टच्या बाहेरून. हातभर.

चुकली.

(श्वास.)

चुकली लोकहो. सामना हरलो. भोंगा मी बंद करत नाही. अजून माणसं आहेत मैदानात.

काचवाला तिथेच उभा आहे. आता वाकला. उकरलेली माती परत खळीत भरतोय. पायाने दाबतोय. काम झालं की जागा साफ करून निघायची सवय, ती कुठे जाणार. त्याच्याकडे एक प्रॉप पळत येतोय. पळत म्हणजे, त्याच्या मानाने.

(कुणीतरी नाक ओढतं.)

कोच खाली बसून चष्मा पुसतोय. थोडाच वेळ पुसला. घातला.

(आवाज इथे फाटतो. पुढचं हळू आहे, पण स्पष्ट आहे. मी कितीदा तरी ऐकलं आहे.)

आणि तिसऱ्या रांगेत निळा स्वेटर. काचवाल्याची बहीण. सगळे मैदानाकडे बघतायत, ती मागे वळून वर बघतेय. भोंग्याकडे. भोंगा मघाशी का थांबला, म्हणून बघत असेल. माझं इथलं काम झालं. मी उतरतो. जिना अरुंद आहे.

(हवा. हवा.)

आलो गं.

आणि

त्यानंतर आवाज नाही. आतोबांचे ओठ हलत होते, पण आता ती नुसती हवाच होती. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

आत्याने पर्सची चेन उघडली, बंद केली.

"खोटं," ती म्हणाली. "मी पोस्टकडेच बघत होते. माझा भाऊ किक मारत होता."

आतोबांचा उजवा हात तिरका वर गेला, तिच्या बाजूला. निर्णय तिचा. तो हात त्यांनी तसाच धरून ठेवला, ती बघेपर्यंत. ती बघून लगेच दुसरीकडे वळली आणि रुमाल शोधायला लागली. रुमालात लांबीचा गोळा होता.

बाबा उठून टेबलाकडे गेले. बटणं अजून डब्यात भरलेली नव्हती. चामड्याचा तुकडा कोपऱ्यात तसाच होता, सोफावाल्याच्या अंगठ्याचा घाम त्यावर वाळलेला. बाबांनी तो उचलला, टेबलाच्या कडेवरून दोऱ्याच्या रिळांकडे नेला, हळूहळू, हवेतून, उजवीकडे झुकवत, आणि उजव्या रिळाच्या बाहेर ठेवला.

या टेबलावर तो तुकडा तिथे कधी कुणी ठेवला नव्हता.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो रिळाच्या आणखी जवळ सरकवला, जेमतेम बोटभर जागा ठेवून.

"हातभर नव्हती, दाजी. वीतभर होती."

सोफावाला आला. त्याचे डोळे लाल झाले होते, म्हणून तो जास्तच चिडून बोलला. वीतभर असती तर पोस्टला घासली असती, तो स्वतः तिथे होता, त्याने पाहिलंय, चांगली हातभर होती. बाई म्हणाल्या की तू कसला बघतोस, तुझं डोकं तेव्हा कुणाच्या तरी काखेत होतं. सोफावाला म्हणाला की किकच्या वेळी स्क्रम नसतो बाई, एवढं तरी माहीत करून घ्या. बाबा म्हणाले वीतभर. आतोबांनी दोन्ही तळवे समोर धरून मधलं अंतर दाखवलं, ते हातभराहून थोडं जास्तच होतं, आणि बाबा पहिल्यांदा मोकळे हसले.

सोफावाल्याने गळ्यातली मापाची टेप काढली. बाबांनी तिचं टोक रिळाला धरलं.